जागल

भिवापुरात, खताच्या दुकानाच्या माडीवर
आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक बंद कूलर,
भिंतीला टेकून दुरुस्तीला आलेल्या झटका मशीन.
आम्ही कुंपण विकतो. सौर, बारा व्होल्ट.
डुक्कर शिवलं की दचकतं, मागे फिरतं, मरत नाही,
हे मी फोनवर दिवसातून वीसदा सांगते.

आमच्या स्वतःच्या पेटीला मात्र कुंपण नव्हतं.

खोक्यावर छापलेला ईमेलचा पत्ता
कुणी वेचून नेला कोण जाणे.
सकाळी कॉम्प्युटर लावला की तीनशे बारा तक्रारी,
त्यातल्या तीनशे चार अशा:
बक्षीस लागलं. कर्ज मंजूर. टक्कल जाईल.
तुमची वेबसाइट पहिल्या नंबरवर आणू, डिअर सर.
आणि प्रत्येकीला तिकीट नंबर, प्रत्येकीला आपोआप उत्तर,
‘आपली तक्रार मिळाली, लवकरच संपर्क साधू.’
एकदा पलीकडेही असंच यंत्र निघालं.
‘मी रजेवर आहे,’ ते म्हणे.
‘आपली तक्रार मिळाली,’ आमचं म्हणे.
शनिवार रात्रीपासून सोमवार उजाडेपर्यंत,
नदीच्या दोन थड्यांवरची कुत्री भुंकावीत तसे,
नऊशे सेहेचाळीस वेळा.

बोरकुटे साहेब म्हणाले, प्रणाली, काहीतरी कर.

आधी आपोआप उत्तराचं तोंड बांधलं.
अनोळखी माणसाला ओ द्यायची नाही.
मग फॉर्म केला: मशीनचा नंबर लिहा, मगच आत या.
जुना पत्ता चालू ठेवला, पण त्याच्याभोवती तार ओढली.
बक्षीस, कर्ज, मोफत, तात्काळ
यातलं काही दिसलं की बाहेर.
विषय कोरा, बाहेर.
मजकूर नाही, नुसता फोटो, बाहेर.
मार्गशीर्षात तीनशेचे चाळीस झाले, पौषात अकरा.
साहेबांनी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले.

माघात एकदा पेटी रिकामी करायला बसले.
‘सगळं पुसा’वर बोट ठेवलं होतं
आणि डोळा अडकला.
पाठवणारा: लकी किंग सात.
विषय: तात्काळ तात्काळ.
आत शब्द नाही. एक फोटो.
वाकलेला खांब, लोळलेली तार,
हरभऱ्यात उकरलेली माती,
कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा,
आणि मशीनवरच्या पट्टीवर, स्पष्ट,
नंबर.
मी मागितला होता तोच.
तारीख अकरा दिवसांपूर्वीची.

नंबरावरून नाव निघालं: दसरू कुमरे, बेलतुकडी.
फोन लावला.
‘हो, भाच्यानं पाठवला होता. म्या समजलो,
तुमी झोपले असान.’
आणि हरभरा?
‘हाय ना. रस्त्याकडचा हाय.’
मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही,
त्यांच्याकडे कुठेतरी पंप चालू होता.
‘तार पाठवसान का?’

आमचे मोठबा जागलीला जात, मी लहान असताना.
मचाणावरून त्यांनी सांगितलेलं आत्ता आठवलं,
आधी आठवायला हवं होतं:
‘अंधारात हाललं ते सारं डुक्कर नसते, पोरी.
कोनाची गाय चुकली असते. कधी मानूसच असते.
पह्यले बॅटरी मार, मंग बोंब मार.’

‘तात्काळ’ मी यादीतून काढून टाकला.
दुसऱ्या दिवशी सव्वीस डिअर सर जास्तीचे आले.
येऊ देत.

आता सहाला, शटर ओढायच्या आधी,
धुऱ्यानं फिरावं तशी त्या पेटीतून एक चक्कर मारते.
बक्षीस. बक्षीस. टक्कल. कर्ज.
बहुतेक दिवशी काही नसतं.
काल एक होतं, विषय कोरा,
आत एवढंच: मशीन चांगली आहे.
त्याला तिकीट नंबर दिला.
अजून बंद केलं नाही.